मदत हवी आहे: बॉल जॉइंट काही केल्या निघत नाही

सड्यावरचा
सकाळपासून झटतोय. डाव्या बाजूचा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनच्या आर्मशी जोडणारा गोळीचा सांधा) बसलाय तो बसलाय. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर तारेने वर टांगून ठेवला, बोल्ट काढला, रस्ट स्प्रे मारला, हातोड्याने ठोकून झालं. ढिम्म हलत नाही. नवा आर्म आणून ठेवलाय. उद्या सासरी जायचंय, गाडी लागणारच. लवकर सांगा.

चौथा गियर
गाडी कुठली? मॉडेल? वरचा जॉइंट की खालचा?

डिझेलअण्णा
गाडी कुठलीही असू दे, पद्धत एकच. नट पूर्ण काढायचा नाही, दोन आट्यांवर ठेवायचा. स्टड, म्हणजे जॉइंटचा दांडा, नकलच्या (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाच्या) ज्या डोळ्यात बसलाय त्याला एका बाजूने घण टेकवून धरायचा आणि समोरून दुसऱ्याने मारायचं. डोळ्याला धक्का बसला की टेपर, म्हणजे निमुळता होत घट्ट बसलेला स्टड, सुटतो. स्टडच्या टोकावर मारलं तर आटे चेपतात, मग बसा बोंबलत. आमच्या बोलेरोचे मी असेच काढतो.

मिरजकर
घण कशाला अण्णा? दोन बोटांचा पुलर लावा, हळूहळू आवळा, टक्कन आवाज येतो आणि काम झालं. दुबेळकं (दोन टोकांची पाचर) मात्र ठोकू नका, जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो.

डिझेलअण्णा
अख्खा आर्मच बदलायचाय, बूट फाटला काय नि राहिला काय!

मिरजकर
आणि शेजारच्या टाय रॉडचा, स्टिअरिंगच्या दांड्याचा? तो जुनाच राहणार ना?

आळशी मांजर
ऑटो गियरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून रात्रभर सोडा. बाजारातले स्प्रे याच्यापुढे पाणी.

चौथा गियर
आणि ते मारलेल्या जागी गॅस पेटवू नका, ॲसिटोन भप्पकन पेट घेतं. धागाकर्ते, गाडी कुठली ते सांगाल का?

सड्यावरचा
अल्टो. २००७ची. नट-बिट काही नाहीये तिथे, बोल्ट काढला म्हणून लिहिलंय की वर.

चौथा गियर
मग इथे टेपरच नाही! पुलर, दुबेळकं, बाजूने घण, सगळं बाद. तुमचा स्टड सरळ आहे. नकलला एक फट असते, बोल्ट ती आवळतो आणि स्टडच्या खाचेतून आडवा जातो. बोल्ट निघाला तरी स्टड गंजाने धरून बसतो. त्या फटीत छन्नी घालून हलकेच ठोका, फट किंचित उघडू दे. किंवा फटीत लोखंडी पट्टीचा तुकडा धरा आणि तोच बोल्ट उलट्या बाजूने, म्हणजे आट्यांच्या बाजूने, आत फिरवा. टोक पट्टीवर टेकलं की फट उघडते. अति करू नका, नकलला तडा गेला तर नवा नकल घ्यावा लागेल. मग आर्मवर पहार टाकून खाली दाबा.

काजूगर
समुद्राकाठी राहता का? दर मे महिन्यात गाडीच्या पोटाला अंडरकोटिंग करून घ्या. आमच्या गाडीचा सायलेन्सर दोनदा गळून पडला.

डिझेलअण्णा
गॅसवर लालबुंद करा, पाच मिनिटांचं काम.

चौथा गियर
अण्णा, एका वितीवर ड्राइव्ह शाफ्टचं रबर आहे, ब्रेकचा होज आहे, बेअरिंगचं ग्रीस आहे. बोलेरोत काय करायचं ते करा.

सड्यावरचा
पट्टीची युक्ती चालली. स्टड आता गोल फिरतोय, पण खाली येईना. पहारीवर उभा राहिलो तरी आर्म स्प्रिंगसारखा वर जातो.

चौथा गियर
फिरतोय म्हणजे सुटलाय. जॅक एकाच बाजूला लावलाय का?

सड्यावरचा
हो, डावीकडेच. उजव्या बाजूला काम काय?

चौथा गियर
या गाडीत स्टॅबिलायझरचा दांडा थेट दोन्ही आर्ममध्ये जातो. एक चाक जमिनीवर आणि एक लोंबकळतं असलं की तो पिळला जातो आणि तुमचा आर्म वर ओढून धरतो. दोन्ही बाजू उचला, पीळ निघेल. तरी नडलं तर दांड्याच्या टोकाचा नट सोडा. खाली स्टँड लावलेत ना?

सड्यावरचा
जांभ्याचे चिरे लावलेत.

मिरजकर
अहो, जांभा भाराखाली भसकन फुटतो! आधी बाहेर या. स्टँड नसतील तर जाड लाकडी ओंडके तरी लावा.

सड्यावरचा
ओंडके लावले. दोन्ही बाजू उचलल्यावर हाताने दाबला नि आला. बोल्ट पार खाल्लेला आहे, तोच वापरू का?

चौथा गियर
नवाच घाला. स्टड पूर्ण वर सारा, खाच भोकासमोर आली की बोल्ट हातानेच आत जातो. अडला तर ठोकू नका, स्टड अजून खाली आहे समजा. आर्मच्या बुशचा बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी केल्यावर आवळा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट.

सड्यावरचा
अलाइनमेंट सासरहून आल्यावर.

डिझेलअण्णा
तापवला असता तर सकाळीच निघाला असता.