लपवून बाळगायला आन् नेमबाजीच्या रेंजवर चालवायला एकच छोटी पिस्तूल, कोणती घेऊ?

भाऊ लोक, नागपूरच्या इतवारीत सराफ्याचं काम आहे, रात्री माल घेऊन घरी जाव लागते. लायसन्स मंजूर झालं, आता पिस्तूल पाहून राहिलो. यूट्यूबवाले सगळे नाईन एमएमच सांगतात. तीच घेऊ का? रविवारी रेंजवर प्रॅक्टिसही करायची आहे.

— नाईन एमएम विसर बे, ते प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या लायसन्सवर भेटत नाही, आपल्याला जास्तकरून .32 बोअरचीच भेटते. पिस्तुलात सरकारी कारखान्याची अशनी, नाहीतर रिव्हॉल्व्हर घे, त्यात निर्भीक हलकी आहे, साधारण अर्धा किलो. मी रिव्हॉल्व्हरच म्हणीन, सेफ्टीचा खटका, मागं ओढाची स्लाइड, काही लफडं नाही, गोळी नाही उडाली तं परत ट्रिगर दाब, पुढची येते. फक्त ट्रिगर जड लागते, दुकानात रिकामी करून दाबून पाय आधी. आन् हो, बाहेर होल्स्टरमधे, झाकूनच ठेवाव लागते, लग्नाच्या वरातीत बार काढला तं 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत आत, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

— रेंजसाठी .32 कशाला जाळतो? काडतुसं महाग, वरून लायसन्सवर कोटा लिहून असते. .177 ची एअर पिस्तूल घे, हवेच्या दाबानं छर्रा मारते ती, छर्ऱ्याचा जोर 20 ज्यूलच्या आत असला तं लायसन्स लागत नाही. दहा मीटरवर हात स्थिर झाला का पुढं सोपं जाते.

— इलेक्शन लागलं का ठाण्यात जमा करा म्हणून नोटीस येऊ शकते बरं, तेव्हा माल घेऊन कसा जाशीन? सोबत एक माणूस ठेव, मी तं म्हणतो तेच पहिले कर.

— एअर पिस्तुलाचं पटलं. उद्या दुकानात अशनी आन् निर्भीक, दोन्ही हातात घेऊन पायतो.