मदत हवी आहे: या पसाऱ्यात देवाची योजना ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी,
प्रश्न बाळबोध वाटेल, पण महिनाभर डोक्यात घोळतोय. वडील अंथरुणाला खिळलेत, धाकटी पहिलीत, माझं काम घरूनच. सकाळी देवापुढे जेमतेम दहा मिनिटं बसते, तर तेवढ्यात आतून हाक येतेच.

परवा धाकटीचा एक मोजा सापडेना. सोफ्याखाली हात घातला तर वाळलेलं पेन, दोन बटणं आणि कधीची हरवलेली माझी जपमाळ हाती आली, केसांच्या गुंतवळासकट. हसू आलं, रडूही. (मोजा शेवटी दप्तरात निघाला.) याला संकेत म्हणायचं की केर काढण्यातला आळस? मला तरी आळसच वाटतो!

जनाबाईंना दळता-कांडता विठ्ठल भेटला. गीतेच्या १८व्या अध्यायातला ४६वा श्लोकही आपल्या कर्मानेच त्याची पूजा करायला सांगतो. कळतं सगळं. पण वडिलांची चादर दिवसात तिसऱ्यांदा बदलताना मनात पूजा नसते, चिडचिड असते, आणि मग त्या चिडण्याची टोचणी.

'जे होतं ते चांगल्यासाठीच' हे कृपया नको, त्याने आणखी राग येतो. ज्यांच्या घरी असाच गोंधळ आहे त्यांनी सांगा, ऐन गडबडीत मन कसं वळवता? नाम घेता, की आणखी काही? आणि अर्थ त्या क्षणी दिसतो का, की वर्षं उलटल्यावर आपणच तो लावतो?