'हॅचेट': जंगलात तगण्याची गोष्ट, की घरात गप्प राहण्याची?

बिनपावसाळी
लेकीने शाळेच्या वाचनालयातून गॅरी पॉलसनचं 'हॅचेट' (१९८७) आणलं, तिचं झाल्यावर मीही वाचलं. न वाचलेल्यांसाठी: ब्रायन तेरा वर्षांचा, आईवडिलांचा घटस्फोट झालेला. कॅनडात तेलाच्या कामावर असलेल्या वडिलांकडे छोट्या विमानातून निघतो. वाटेत वैमानिकाला हार्ट अटॅक येतो आणि विमान जंगलातल्या तळ्यात पडतं. कमरेला आईने निघताना दिलेली हातकुऱ्हाड, बाकी काही नाही. ५४ दिवस.

जंगल झकास आहे, वाद नाही. पण आईला परक्या माणसाबरोबर गाडीत पाहिल्याचं 'गुपित' पहिल्या पानांपासून भुणभुणतंय. परत आल्यावर पोरगा वडिलांना सांगायच्या बेतात येतो आणि सांगत नाही. पुस्तक संपलं! दगडातून विस्तव काढणाऱ्या पोराला तोंड उघडता येऊ नये? मला तरी ही लेखकाची पळवाट वाटली.

खारीचा वाटा
साफ असहमत. विमानात त्याच्या डोक्यात त्या गुपिताशिवाय काही नसतं. मग पोट पाठीला लागतं, डास फोडून काढतात, आंबट चेरी खाऊन पोटात मुरडा येतो, आणि गुपित आपोआप मागे पडतं. ते सुटत नाही, लहान होतं. घरी आल्यावरही आई त्याच माणसाला भेटत राहते, वडील परत उत्तरेला जातात. जंगलात जाऊन आलं म्हणून घर दुरुस्त होत नाही, हे मुलांच्या पुस्तकात लिहायला धाडस लागतं हो.

चहा_बिनसाखरेचा
तुम्ही दोघं घटस्फोटात अडकलात. मला पुस्तकाचा गाभा 'बघणं' वाटला. गुहेत शिरलेल्या साळिंदरावर कुऱ्हाड फेकतो, ती दगडावर आपटून ठिणग्या पडतात. तेव्हा त्याचं लक्ष पायात घुसलेल्या काट्यांकडे. ठिणग्यांचा अर्थ दुसऱ्या दिवशी उमगतो. मग वाळलं गवत पेटत नाही, वीस डॉलरची नोट फाडून बघतो तीही नाही (पैशाचा एवढा नेमका अपमान मी दुसरीकडे वाचलेला नाही), शेवटी बर्चची साल धरते. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राचं भावंड. मासा पाण्यात दिसतो त्याच्या खाली नेम धरायचा, हेही असंच चुकत चुकत. पक्षी दिसत नाहीत, कारण तो रंग शोधत असतो. आकार शोधायला लागतो तेव्हा सापडतात.

बिनपावसाळी
मान्य, ती पानं मीही दोनदा वाचली. पण मग सुटका बघा. बुडालेल्या विमानातून काढलेल्या पिशवीत एक ट्रान्समीटर. हा कळ दाबतो, काही होत नाही असं वाटून बाजूला टाकतो, आणि तो संदेश ऐकून कातडी खरेदी करणाऱ्याचं विमान उतरतं. एवढं शिकला ते कुठे कामी आलं? सुटला नशिबाने.

खारीचा वाटा
अहो, पडलाही नशिबानेच की! मधले ५४ दिवस तेवढे त्याचे. आणि त्याच पिशवीतली बंदूक हातात घेतल्यावर त्याला ती नकोशी होते, हे वाचलंत ना? बंदुकीमुळे आपण जंगलापासून तुटतोय असं त्याला वाटतं. लायटरचंही तेच.

रानभूल
उशिरा आलो. माझा आक्षेप वेगळाच आहे. एवढं मोठं जंगल आणि त्यात माणूस औषधालाही नाही? कॅनडाच्या उत्तरेत क्री आणि इतर आदिवासी पिढ्यानपिढ्या राहतात, शिकार करतात, सापळे लावतात. शहरी पोरासाठी जंगल म्हणजे परीक्षेचा हॉल, रिकामा. मेळघाटातल्या कोरकू मुलाच्या हातात हे पुस्तक दिलं, तर तो विचारेल की यात संकट कुठलं.

चहा_बिनसाखरेचा
रानभूल, अर्धं पटलं. कोरकू मुलगाही एकटा पडला आणि मूसने (तिथलं सांबराच्या जातीचं प्रचंड जनावर) त्याला ब्रायनसारखं उगाचच तळ्यात तुडवलं, तर संकट म्हणेलच. जंगल इथे वैरी नाही, त्याला ब्रायनचं काही पडलेलंच नाही. त्या मूसला रागसुद्धा नसतो, तेच भीतीदायक आहे.

बिनपावसाळी
थंडी आली असती तर वाचला नसता, असं मला अजून वाटतं. शेवटच्या टिपणात लेखकही जवळपास तेच म्हणतो.

खारीचा वाटा
त्यावरच एक वेगळं पुस्तक आहे, 'ब्रायन्स विंटर' (१९९६). सुटका लवकर झाली अशी तक्रार वाचकांनी केली, म्हणून पॉलसनने सुटका न झाल्याचं धरून पुढचा हिवाळा लिहिला. आणि रानभूल, त्यात ब्रायनला शेवटी कोण सापडतं सांगू? सापळे लावणारं एक क्री कुटुंब.

रानभूल
म्हणजे होते की शेजारी!