निळू फुले यांच्या खलनायक नसलेल्या भूमिका सुचवा

नमस्कार मंडळी. मी सिनेमाचा अभ्यासक वगैरे नाही, माझं बघणं नटावरून चालतं. एखादा माणूस आवडला की त्याचं जे हाती लागेल ते बघायचं, दिग्दर्शक कोण, कथा काय हे नंतर. सध्या निळूभाऊंचे चित्रपट बघतेय आणि आता पुढे काय बघावं ते कळेना.

सुरुवात 'सामना'पासून (१९७५) झाली. खरं तर लावला होता त्यात मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंसाठी. पण गावात आलेल्या दारुड्या मास्तरला वाड्यावर ठेवून घेणारा तो हिंदुराव धोंडे पाटील डोक्यातून जाईना. पाहुण्याला आपलं साम्राज्य दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर किती कौतुक आहे! मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं विचारायला लागतो, तेव्हा हा आवाज चढवत नाही. उलट आवाज खाली येतो, आणि त्यानंच पोटात गोळा येतो. दोघं एकमेकांना तोलून धरतात म्हणून तो सिनेमा उभा आहे असं माझं मत. एकाच्या जागी दुसरा कुणी असता तर तो एकतर्फी झाला असता.

मग 'सिंहासन' (१९७९). इथे ते पत्रकार दिगू टिपणीस. या भूमिकेत बहुतेक वेळ फक्त ऐकायचं आणि बघायचं काम आहे. मंत्री, पुढारी, सगळे बोलत असतात आणि दिगू गप्प. तरी माझी नजर त्याच्याकडेच जात होती. शेवटी तो ज्या तऱ्हेनं हसत सुटतो ते बघून मी टीव्ही बंद करून नुसती बसून राहिले.

'सारांश'मध्ये (१९८४) पुढारी गजानन चित्रे. उत्तमच, पण पुन्हा दहशतीचाच माणूस. (याच फेरीत लागूंसाठी 'घरौंदा' बघितला. तिथे मला नायकापेक्षा त्या प्रौढ मालकाबद्दलच जास्त वाटलं.)

मला खरोखर वाईट याचं वाटतं, की हल्ली निळूभाऊ म्हटलं की लोकांना वाड्यावर बोलावणारा पाटील एवढाच आठवतो. मीम्सनी तर पार वाट लावली. ज्या माणसानं रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' केला आणि पडद्यावर दिगू केला, त्याला एका वाक्यात कोंबायचं म्हणजे अन्याय आहे. सखारामचा तो प्रयोग आता बघता येणार नाही, ही हळहळ वेगळीच.

तर मदत अशी हवी आहे: दिगूच्या जातीच्या त्यांच्या भूमिका कोणत्या? साधा बाप, कारकून, शेतकरी, हरलेला माणूस, काहीही चालेल. भूमिका दहा मिनिटांची असली तरी हरकत नाही, हिंदी असेल तरी चालेल. तमाशापटातले पाटील-सरपंच मात्र सध्या नकोत, ते बरेच बघून झालेत. लागू आणि फुले समोरासमोर आहेत असं 'सामना', 'सिंहासन', 'पिंजरा' सोडून आणखी काही असेल तर ते आधी सांगा.

नाव सुचवताना त्यातला एखादा प्रसंगही लिहिलात तर फार बरं होईल, म्हणजे नेमकं काय बघायचं ते कळेल. आणि जुने मराठी चित्रपट बऱ्या प्रिंटमध्ये, अधिकृतपणे कुठे बघायला मिळतात? मला सापडलेल्या प्रतींमध्ये चेहरे इतके धुरकट आहेत की डोळे दिसतच नाहीत, आणि या माणसाचं निम्मं काम डोळ्यांतच आहे.