२६ हजारांत महिना पुरेना झालाय, हात कुठं आखडू?

जुळे सोलापूरची सून

नमस्कार. घरात आम्ही चौघं: मी, हे, सासूबाई आणि तिसरीतला पोरगा. ह्यांचा पगार हातात २६ हजार, त्यातले साडेसहा भाड्यात जातात. वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळं मार्च लागला की घराची भट्टी होते.

जानेवारीत पहिल्यांदाच वहीत रोजचं लिहून काढलं, अगदी कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत. दूध २,८०० च्या घरात. महिन्याचा किराणा एकदम भरला तो ४,२०० चा. आणि त्यानंतर कोपऱ्यावरच्या दुकानातून 'जाता जाता' आणलेलं १,९४०! दोनदा बेरीज केली. शाम्पूच्या पुड्या, पाच-पाच रुपयांचे बिस्किटपुडे, संपली म्हणून पाव किलो साखर, पाहुणे आले म्हणून पोहे. प्रत्येक वेळी वीस-तीस रुपयेच. लाईट १४२ युनिट. प्यायच्या पाण्याचा जार एक दिवसाआड, ३० रुपये. गॅस २६ दिवस जातो. कार्ड केशरी आहे, पण त्यावर धान्य मिळत नाही.

थोडा शहाणपणाही करून झाला. डिसेंबरात मार्केट यार्डात कांदा स्वस्त झाला म्हणून शेजारणीबरोबर पन्नास किलोची पिशवी अर्धी-अर्धी घेतली. फेब्रुवारी उजाडेपर्यंत माझ्या पंचवीस किलोतला नऊ किलो नासला. घरभर वास. सासूबाईंनी तो विषय अजून सोडलेला नाही.

'चहा सोडा, हॉटेल बंद करा' असलं सांगू नका. हॉटेलात आम्ही जातच नाही. आणि पोराला गड्ड्याच्या जत्रेत नेलं त्याचे ६०० रुपये वहीत लिहिलेत, त्यावर मला काही ऐकायचं नाही.

विडी घरकुलची अक्का

घरात आम्ही तेलुगू बोलतो, मराठी लिहिताना चुकलं तर समजून घे गं.

पहिलं कांद्याचं. तू चुकीच्या महिन्यात घेतलास. डिसेंबर-जानेवारीत येतो तो लाल कांदा, त्यात पाणी जास्त. तो पंधरा दिवसांचा सोबती. साठवायचा तो उन्हाळी, एप्रिलात निघतो. त्याला दोन-तीन पापुद्रे असतात, मान वाळून बारीक झालेली असते. मान जाड दिसली की तो कांदा बाजूला काढायचा. आणि पिशवीत ठेवायचाच नाही. कॉटखाली पेपर अंथरून पसरायचा, आठवड्याला एकदा हात फिरवायचा, ओला लागला की उचलायचा. माझा दिवाळीपर्यंत जातो. सासूबाईंना सांग, दोष तुझा नाही, कांद्याच्या जातीचा.

आता ज्वारी. तुम्ही महिन्याच्या महिन्याला थोडी थोडी आणता ना? ती सवय मोड. सुगी आता सुरू होईल, मार्च-एप्रिलात मंगळवेढ्याकडची मालदांडी बाजारात येते. तेव्हा वर्षाची भर. दिवसाला अर्धा किलो पीठ धरलं तर वर्षाला १८० किलो, म्हणजे दोन क्विंटलला थोडं कमीच. दोन दिवस कडक ऊन दाखवायचं. गरम-गरम भरायची नाही, रात्रभर गार होऊ द्यायची, नाहीतर कोठीत घाम धरते. मग मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला. दळण मात्र आठ दिवसांचंच. पीठ जुनं झालं की विरी जातं, भाकरी थापताना कडेला चिरते.

तू म्हणशील एवढे पैसे एकदम आणायचे कुठून. आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात, आठवड्याचा पगार. आमच्याकडं तर एकदम पैसे कधीच नसायचे. मी भिशीवर भरते. दहा बायका, महिन्याला हजार, दहा महिने. चिठ्ठी काढताना मी आधीच सांगून ठेवते, मला मार्च द्या. बाकीच्यांना दिवाळी नाहीतर शाळेची फी असते. दहा हजारांत ज्वारी, वर्षाची मिरची-हळद, आणि उरले तर तूरडाळ. भिशी ओळखीतलीच पाहिजे, गल्लीतली. लांबच्या माणसाच्या भिशीत मी एकदा पैसे घालवलेत.

गॅसचं सांगते. भाकरी दोन्ही वेळच्या सकाळीच थापायच्या. उरली तर मंद आचेवर कडक करायची, मोडून शेंगाचटणी-दह्याबरोबर रात्री खायची. लोक हीच कडक भाकरी पाकीट करून विकायलेत, आपण घरात असून टाकून द्यायची? डाळ अर्धा तास भिजवून कुकरला, त्यातच भाताचा डबा. माझा सिलिंडर चाळीस दिवस जातो, माणसं पाच.

अजून एक. पाणी आलं की कालपर्यंतचं भरलेलं ओतून देतेस का? आमच्या गल्लीत निम्म्या बायका देतात. इतक्या दिवसांनी येणारं पाणी आणि ते मोरीत! 'शिळं' पाणी भांड्याला, लादीला चालतं की.

निवृत्त वायरमन

१४२ युनिटबद्दल बोलतो. बाकी अक्कांनी सांगितलंच.

१०० च्या वर गेलं की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो असं लोक समजतात. तसं नाही. पहिल्या १०० ला खालचाच दर, १०१ व्या युनिटपासून पुढचा, आणि तो जवळपास दुप्पट. म्हणजे तुमची वरची ४२ युनिटं महाग आहेत. मारायची तर ती.

जुना पंखा ७५ वॅटचा असतो. सोळा तास फिरला तर महिन्याला ३६ युनिट. नवीन बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, ३० वॅटच्या आसपास, तेवढ्याच तासांना साडेचौदा. फरक साडेएकवीस. दोन पंखे एवढे फिरत असतील तर ते बदलून महिन्याला ४३ युनिट कमी, १४२ चे ९९. सोलापुरात पंखा वर्षातले आठ महिने बंदच होत नाही, त्यामुळं हा हिशोब पुण्यापेक्षा इथं लवकर वसूल होतो. दोन्ही एकदम नका घेऊ. जो जास्त फिरतो तो आधी.

कूलर घ्यायचा विचार असेल तर पाणी कुठून आणणार तेही ठरवा. दिवसाला तीन-चार बादल्या पितो. त्यापेक्षा घरमालकाला सांगून गच्चीला चुना मारून घ्या.

सिलिंडर घेताना वजन करायला सांगा. रिकाम्या टाकीचं वजन वर कड्याजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे. मागायला लाजायचं नाही, तो आपला हक्क आहे.

होटगी रोडकर

कांदे मोजून कुणी श्रीमंत झालंय का? मिळकत वाढवा की.

जुळे सोलापूरची सून

दादा, मिळकत वाढवायचं मी शिवणाच्या मशिनीवर बघतेच आहे. पण तोवर खायचं ना रोज?

अक्का, तुमचा मेसेज सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. 'जातीचा दोष' ऐकून त्या म्हणाल्या, "हे मला माहीतच होतं." मग तेव्हा का नाही बोलला, हे मी विचारलं नाही.

काका, पंखे घरमालकाचे आहेत. नवीन घेऊन त्यांचा काढून ठेवला तर चालेल का? आणि जार मी बंद करणार नाही. पोराला गेल्या वर्षी कावीळ झाली होती, ते ४५० रुपये जाऊ देत.

निवृत्त वायरमन

चालेल. जुना पेपरात गुंडाळून माळ्यावर टाका, घर सोडताना तो लावून आपला काढून न्यायचा. मालकाला आधी सांगून ठेवा, नंतर वाद नको.

जुळे सोलापूरची सून

आठ दिवसांनी लिहितेय. दुकानात पोराला पाठवणं बंद केलंय. फ्रिजवर कागद लावलाय, संपलं की त्यावर लिहायचं आणि सगळं रविवारी एकदाच आणायचं. ह्या आठवड्यात जाता-जाताचे ११० रुपये झाले, तेही ह्यांच्या दाढीच्या ब्लेडमुळं. गॅसचं महिना झाल्यावर कळेल. कडक भाकरी पोराला आवडली, ह्यांना नाही.

भिशीला गल्लीतल्या सात जणी तयार झाल्यात. अडचण एकच, मार्चचा नंबर सातही जणींना पाहिजे.