मदत हवी आहे: टेपची ताकद नक्की कोणत्या आकड्यावरून ओळखायची?

भाड्याचं घर, डोंबिवली. घरमालक काकांची पहिली अट, भिंतीला भोक पाडायचं नाही. म्हणून मसाल्याच्या बरण्यांची छोटी स्टीलची मांडणी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपने रंगवलेल्या भिंतीवर लावली. सहा दिवस टिकली. सातव्या रात्री अडीच वाजता धाडकन खाली. हळदीची बरणी फुटली, ओटा अजून पिवळा आहे.

टेप 24 मिमी रुंद, 5 सेंमीचे चार तुकडे. खोक्यावर ‘18 न्यूटन / 25 मिमी’ लिहिलंय. मी हिशेब केला: 18 न्यूटन म्हणजे साधारण 1.8 किलो, एकूण 20 सेंमी टेप म्हणजे असे आठ भाग, म्हणजे 14 किलो! मांडणी बरण्यांसकट भरते 2 किलो 400 ग्रॅम. मग पडली कशी? दुसऱ्या एका टेपवर 30 न्यूटन आहे, ती घेऊ का? बोट लावून पाहिलं तर जुनीच जास्त चिकट वाटते.

खटपट्या: पडलेल्या टेपच्या पाठीला रंग आलाय का?

धागाकर्ती: हो, चारही तुकड्यांवर पापुद्रे आहेत.

खटपट्या: मग टेप पास, भिंत नापास. 30 काय, 300 न्यूटनची आणलीत तरी रंगच निघून येणार.

कारखानदार: हिशेबातही घोळ आहे. त्यातले 25 मिमी ही टेपची रुंदी, लांबी नव्हे. स्टीलच्या गुळगुळीत पट्टीवर टेप चिकटवतात, टोक उलटं वळवून 180 अंशात, मिनिटाला साधारण 300 मिमी वेगाने सोलतात. त्याला जो जोर लागतो तो हा आकडा. टेप वीतभर असो की मीटरभर, सोलताना एका वेळी एकच रेघ सुटते. म्हणून लांबीने गुणायचं नाही.

टांगलेल्या वजनासाठी वेगळी चाचणी असते, शिअरची. ठरावीक तुकड्याला वजन लटकवून किती वेळात घसरतो ते बघतात, म्हणून उत्तर मिनिटांत किंवा तासांत. खोक्यावर ते क्वचितच छापतात, कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतं. तुमच्या मांडणीवर दोन्ही प्रकारचा ताण आहे. वजन खाली ओढतं, शिवाय बरण्या भिंतीपासून पुढे असल्याने वरची कड बाहेर सोलली जाते. वरच्या कडेला आडवी सलग पट्टी हवीच.

जाड अ‍ॅक्रिलिक फोम टेपसाठी ढोबळ नियम, 1 किलोला 60 चौ. सेंमी. तुम्हाला 144 हवेत, लावलेत 48. म्हणजे याच रुंदीची 60 सेंमी टेप लागेल.

बोटाला जाणवतो तो नुसता पहिला चिकटपणा. रबरी गोंद लगेच पकडतो, पण गॅसजवळच्या उष्णतेत मऊ पडतो. अ‍ॅक्रिलिक सावकाश पकडतो: 20 मिनिटांत निम्मी ताकद, दिवसभरात नव्वद टक्के, पूर्ण 72 तासांनी. तोवर बरण्या ठेवू नका.

धागाकर्ती: अरे देवा, मी तर लावल्या लावल्या तिखट-मीठ भरून मोकळी! बरं, टाइल्सवर लावू का?

कारखानदार: लावा, पण फोडणीचा तेलकट थर साबणाने काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, कोरडं होऊ द्या. टेप लावल्यावर अंगठ्याने नीट दाबा, नुसती टेकवू नका. टाइलांच्या मधल्या फटीवर टेप येऊ देऊ नका. आणि मांडणी स्टीलची आहे ते बरं झालं. प्लॅस्टिकची असती आणि तळाशी त्रिकोणात 5 असता, तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधी टेप धड चिकटतच नाही.

धागाकर्ती: शेवटची शंका. घर सोडताना ही टेप टाइलवरून निघेल ना? काकांना रंगाचं सांगायचंच बाकी आहे अजून.

खटपट्या: हेअर ड्रायरने गरम करा, मग मासेमारीचा नायलॉन दोरा मांडणीच्या मागे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढा. फोम मधून कापला जातो. उरलेला गोंद बोटाने चोळला की गोळ्या होऊन निघतो. रंगाचं मात्र आधी सांगून टाका.