बल्ब चालू असूनही पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात

आंबेवाडी_दापोली:
कावेरी जातीच्या कोंबडीची 100 पिल्लं, वय 6 दिवस. शेड 10 बाय 12 फूट, कमरेपर्यंत जांभ्याची भिंत, वर जाळी, छताला पत्रा. 20 वॉटचे दोन एलईडी लावलेत. पहाटे पिल्लं पश्चिमेच्या कोपऱ्यात एकावर एक चढतात, खालची गुदमरतात. आज 4 दगावली. बल्ब वाढवू का?

परसबाग_गुहागर:
एलईडी आधी काढा. उजेड भरपूर, ऊब जवळपास शून्य. जुने पिवळे बल्ब लागतील, पिल्लामागे 2 वॉट धरून 60 चे चार. एकच मोठा नको, तो उडाला की सगळा घेर गार.

कोपरा आजच बंद करा. 19 फूट लांब, दीड फूट उंच पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल केलात की 6 फूट व्यासाचा घेर होतो. गोलात ढीग होत नाही. बल्ब दीड फुटावर टांगा आणि थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. आत्ता 35 अंश हवेत, पुढे दर आठवड्याला 3 कमी. आकड्यापेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. बल्बाखाली गर्दी म्हणजे थंडी, कडेला पंख पसरून धापा म्हणजे गरम, सगळी एकाच बाजूला म्हणजे वारा लागतोय. तुमची पश्चिमेला पळतात, कारण रात्री मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, पूर्वेकडून येतो. त्या बाजूचं गोणपाट खाली भिंतीला घट्ट बांधा, वरची वीतभर फट मोकळी ठेवा. पडदा वरून खाली उघडणारा हवा. खालून उघडला तर झोत थेट पिल्लांवर.

तूस_आणि_चुना:
ती वरची फट बुजवू नका हो, कितीही गारठा असला तरी! आपल्याकडे दमटपणा जास्त. बंद शेडमधली वाफ पहाटे पत्र्याला लागून थेंब गळतात, खाली अंथरलेलं तूस भिजतं, अमोनिया सुटतो. बसून नाकाशी वास घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लांना तो कधीचाच बाधतोय. तूस 3 ते 4 इंच, रोज सकाळी खालीवर करा, भांड्याजवळचं गोळा झालेलं उचलून टाका. ओल राहिली तर तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण ठरलेलीच. पत्र्याखाली नारळाचे झाप बांधलेत तर थेंबही थांबतात.

आंबेवाडी_दापोली:
झाप घरचेच आहेत. पण रात्री लाईट गेली तर? निखाऱ्यांची शेगडी ठेवू का?

परसबाग_गुहागर:
नको. निखाऱ्यांना धूर नसला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वासही नाही. घेर 4 फुटांवर आणा. 5 लिटरच्या दोन कॅनमध्ये गरम पाणी भरून गोणपाटात गुंडाळून आत ठेवा, वरून पाऊण भाग गोणपाटाने झाका. दर दोन तासांनी पाणी बदला. लाईट आली की झाकण आधी काढा, मग बल्ब लावा. गोणपाट बल्बला टेकलं तर पेटतं.